असंबंधित व्यक्ती

ऑफिसात त्यांना सगळे शब्दकोशबाई म्हणायचे, आणि बाईंना त्याचा राग यायचा नाही; उलट मनातून गुदगुल्याच व्हायच्या. अनाथ मुलांच्या कामात त्यांची तीस वर्षं गेली होती. गृहभेट कशाला म्हणायचं, समुपदेशन कधी संपलं असं समजायचं, पुनर्वसन म्हणजे नेमकं काय, अशा चारशे शब्दांची एक पुस्तिका त्यांनी स्वतः खपून तयार केली होती. नवीन रुजू होणाऱ्याच्या हातात पहिल्या दिवशी तीच पडायची. अहवालात कुणी ‘मुलगी बिचारी फार रडत होती’ असं लिहिलं की बाई लाल पेनाने ‘बिचारी’वर काट मारायच्या.

‘‘बिचारी हे तुमचं मत झालं. ती किती वेळ रडली ते लिहा.’’

निवृत्तीला चार महिने उरले असताना एक चोवीस वर्षांची मुलगी स्वतःची फाईल बघायला आली. संस्थेत वाढलेल्या मुलांना मोठेपणी तसा हक्क होता. फक्त अवघड शब्द समजावून सांगायला शेजारी कुणीतरी बसायचं, आणि त्या दिवशी ती पाळी बाईंची होती.

मुलगी दातांच्या दवाखान्यात कामाला होती. नीटनेटकी, कमी बोलणारी. बोट ठेवून ठेवून वाचत होती आणि अडलं की विचारत होती. पंधराव्या पानावर तिचं बोट थांबलं.

‘‘ही असंबंधित व्यक्ती कोण?’’

बाईंनी चष्मा सारखा केला. ‘असंबंधित व्यक्ती (महिला, शिवणकाम) बालिकेच्या भेटीसाठी आली. नाते सिद्ध होत नाही. भेट नाकारली.’ त्याखाली पुढच्या रविवारची तारीख, तीच ओळ. त्याच्या पुढचा रविवार, पुन्हा तीच. मुलीने मोजल्या. एकोणीस नोंदी होत्या, आणि प्रत्येकीखाली बाईंची सही.

‘‘आणि हे बघा,’’ मुलगी म्हणाली. ‘‘सदर व्यक्ती बालिकेस ‘बटण’ या नावाने संबोधते. बटण! मला वाटायचं, हे नाव मला स्वप्नात पडलंय.’’

बाईंना सगळं लख्ख आठवलं. रुंद खांद्यांची बाई, कपड्यांना चिकटलेले दोऱ्याचे तुकडे, व्हरांड्यातल्या बाकावर ताठ बसलेली. ‘‘नातं काय तुमचं?’’ असं विचारल्यावर ती म्हणाली होती, ‘‘नातं कसलं, शेजारीण मी. हिची आई कामावर जायची तेव्हा माझ्या मशिनपाशीच वाढली ही.’’ काही कागद आहे का, यावर, ‘‘शेजाराचा कागद कुठे मिळतो बाई?’’ त्या उत्तरावर दुपारी चहा पिताना सगळे हसले होते. बाईसुद्धा हसल्या होत्या. त्याच वर्षी पुस्तिकेचं काम चालू होतं, आणि रक्ताचं नाही की कायद्याचं नाही अशा माणसाला काय म्हणायचं हा प्रश्न होता. ‘असंबंधित व्यक्ती’ हा शब्द बाईंना तेव्हाच सुचला. साहेबांनी पाठ थोपटली होती.

तसं त्यांचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. आदल्याच वर्षी एक माणूस काका म्हणून आला आणि एका मुलीला घेऊन बेपत्ता झाला, तेव्हापासून सगळेच ताकही फुंकून पीत होते. पण त्या बाईच्या घरी एकदा जाऊन यायचं होतं. चार शेजाऱ्यांना विचारायचं होतं. नियमात बसत होतं ते. साठ प्रकरणं हातात होती, आज जाऊ, उद्या जाऊ करता करता राहून गेलं.

‘‘मी आजवर सगळ्यांना सांगत आले, मला कुणीच नव्हतं,’’ मुलगी म्हणाली.

शेवटच्या नोंदीला एक चिठोरी टाचलेली होती. वळणदार नसलेल्या अक्षरात त्या शिवणकामवाल्या बाईचा पत्ता होता.

पुढच्या रविवारी दोघी तिथे गेल्या. चपला दुरुस्त करणाऱ्याने बोट दाखवलं: ती आता मागच्या गल्लीत राहते, तळमजल्यावर. दार उघडंच होतं. आत सून मशिन चालवत होती आणि खिडकीपाशी म्हातारी डोळ्यांजवळ कापड धरून दोरे कापत बसली होती.

‘‘कोण आहे?’’

मुलगी उंबऱ्यातच थांबली. ‘‘मी... बटण.’’

म्हातारीने कात्री खाली ठेवली. उठली, चाचपडत जवळ आली, आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘‘केवढी उंच झालीस गं!’’

बाईंनी आपण कोण ते सांगितलं. सुनेने चहा दिला आणि ती पुन्हा मशिनवर बसली. मुलीने कप खाली ठेवला आणि विचारलंच. ‘‘मग यायचं का सोडलंस?’’

‘‘या बाईंनीच सांगितलं ना,’’ म्हातारी सहज म्हणाली. तिच्या बोलण्यात डंख नव्हता. ‘‘तुमच्या येण्यामुळे मुलीच्या समायोजनात अडथळा येतो, म्हणाल्या. समायोजन म्हणजे काय ते मला समजलं नाही. अडथळा मात्र समजला. म्हटलं, पोरीच्या वाटेत आपण कशाला यायचं?’’

मुलीने मान वळवून बाईंकडे पाहिलं. ती नजर बाईंना सोसवेना.

‘‘माझं चुकलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी तुमच्या घरी यायला हवं होतं.’’

‘‘तुमचं कसलं चुकलंय बाई?’’ म्हातारी घाईघाईने म्हणाली, जणू पाहुणीला अवघडल्यासारखं होऊ नये. ‘‘मी तिची होते कोण?’’

सुनेचं मशिन थांबलं. मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही निघा. मी थांबते.’’

बाई एकट्याच परत आल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वर पत्र लिहिलं, की पुस्तिकेतून हा शब्द काढावा आणि अशा माणसाच्या घरी गेल्याशिवाय भेट नाकारू नये. उत्तर महिन्याभराने आलं. शब्द आता सगळ्या कचेऱ्यांच्या छापील फॉर्मवर आहे, रुळलेला आहे, बदल सोयीचा नाही; सूचनेबद्दल आभार. त्यानंतर त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्या पुस्तिकेची तोंड भरून स्तुती केली, आणि बाई खाली मान घालून बसून राहिल्या.

मुलीचा फोन एकदाच आला, तोही फाईलमधल्या एका कागदाच्या नकलेसाठी. काम झाल्यावर बाईंनी भीत भीत विचारलं, ‘‘जातेस का गं तिकडे?’’

‘‘जाते. दर रविवारी नाही जमत.’’ ती म्हणाली. ‘‘बोलायला फारसं सापडत नाही आम्हांला. ती माझ्या लहानपणाचं सांगते, आणि मला त्यातलं काही आठवत नाही. मी माझं सांगते, ते तिला उमगत नाही. मग ती दोरे कापते, मी बसते. पण जाते.’’

‘‘बरं करतेस.’’

‘‘तुम्हालाही बोलावलंय तिने. या एकदा, म्हणत होती.’’

म्हातारीने बोलावलंय, एवढंच मुलगी म्हणाली. आपल्याकडून तिने ‘या’ म्हटलं नाही, आणि बाईंनीही ‘येते’ म्हटलं नाही.