बांबूला घातलेला कोट

वृद्धाश्रमात जाताना भावजींनी एकच अट घातली होती. बागेत येणाऱ्या भटक्या मांजरांना रोज खायला घालायचं. "महिन्याभरानं बघायला येईन. मांजरं रोडावलेली दिसली, तर मी परत जाणार नाही," असं ते मोठ्या भावासमोर बजावून गेले. भावानं मान हलवली. आयुष्यभर त्याचं मुख्य काम तेच होतं.

वहिनी काही वाईट नव्हत्या. दोनदा भावजींच्या हातून गॅस उघडा राहिला, एकदा ते बाजारातून भलत्याच घरी जाऊन बसले. वहिनींनी सगळं सोसलं, आणि सोसल्याचं गल्लीभर सांगितलंही.

आता अडचण कावळ्यांची होती. वहिनी माशांची डोकी थाळीत टाकून पाठ वळवायच्या, तोवर कुंपणावरची टोळी खाली उतरलेली. मांजरं झुडपाखालून दुसऱ्याच्या पंगतीकडे बघावं तशी बघत बसायची. भावजी स्वतः थाळीपाशी बसून राहायचे, म्हणून पूर्वी हा प्रश्न नव्हता. वहिनींनी चकचकीत पट्ट्या बांधल्या, त्या कावळ्यांनी घरट्याला नेल्या. बोकी नावाच्या लंगड्या मांजरीच्या बरगड्या दिसू लागल्या.

"डोळा लागला की भावजी गॅसपाशी उभे दिसतात मला," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

"मग बस की थोडा वेळ थाळीपाशी."

"तुम्ही बसा. का रिटायर होऊनही फुरसत नाही?"

नवऱ्यानं पेपर उलटला.

शेवटी वहिनींनी बुजगावणं केलं. बांबू, फाटकी उशी, आणि भावजींचा मागे राहिलेला करडा कोट. भावजी त्याच्याच खिशातून मांजरांना सुके मासे द्यायचे. तो वास धुऊनही गेला नव्हता. कावळे फिरकेनासे झाले. मांजरं कोटाखाली पोटभर जेवू लागली, बांबूला अंग घासू लागली. बोकी तर गोल गरगरीत झाली. वहिनींना शांत झोप लागू लागली.

ठरल्या रविवारी भाऊ भावजींना गाडीतून घेऊन आला. भावजी उतरले ते थेट बागेत. दाढी नीट केलेली, अंगाला फिनेलचा वास. त्यांनी जिभेनं टकटक केलं. मांजरांनी माना वळवून पाहिलं. बोकी दोन पावलं आली, हात हुंगला, आणि परत जाऊन बांबूपाशी बसली.

भावजी बराच वेळ त्या कोटाकडे बघत उभे राहिले.

"चांगलं अंग धरलंय हो मांजरांनी, वहिनी," ते म्हणाले.

वहिनींनी महिनाभर हेच वाक्य ऐकायची तयारी केली होती. त्यावर म्हणायचं उत्तरही तयार होतं. पण त्या वेगळंच म्हणाल्या.

"चहा टाकते, भावजी. बसा ना."

"नको. चहाला बसलो आणि इथंच रमलो, तर परत कोण सोडायला येणार?" भावजी स्वतःच हसले. भाऊ गाडीच्या किल्ल्या चाळवत होता.

वहिनी एकदम पुढे झाल्या आणि कोटाचं वरचं बटण काढू लागल्या. "हा घेऊन जा. तिथं थंडी असेल."

"पहाटे असते." कुंपणावर एक कावळा येऊन बसला होता. भावजींनी तो पाहिला, वहिनींचा हात हळूच बाजूला केला आणि बटण परत लावलं. कॉलरही नीट केली, आरशासमोर करावी तशी.

"राहू दे. याचं इथं काम आहे."

मग ते गाडीत जाऊन बसले. मांजरांकडे त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि वहिनींना कावळा हाकलायला हात उचलवेना.