बेरिंगची शिट्टी

मनोहरने बॅटरीची तार जोडली, स्पीकरजवळ कान नेला आणि वाट पाहिली. काहीच वाजलं नाही.

त्याने तार काढून पुन्हा खोचली. आयसीचे, म्हणजे त्या काळ्या चिपचे, पाय दाबून पाहिले, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, स्पीकरचा आवाज पूर्ण मोठा केला. तरी सगळं ठप्प. सौसरच्या बसस्टँडमागे त्याचं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यालाच लागून मागे दोन खोल्यांचं घर. आसपासच्या गावांतल्या किती जळक्या मोटरी त्याने पुन्हा फिरत्या केल्या होत्या, आणि आज तळहाताएवढी एक पांढरी पट्टी त्याला भीक घालत नव्हती.

पट्टी त्याच्या मुलीची, तृप्तीची. ती नागपूरला इंजिनिअरिंग शिकत होती आणि सुट्टीला येताना कपड्यांपेक्षा ताराच जास्त घेऊन आली होती. तिला म्हणे वाद्य बनवायचं होतं. वेगवेगळे डबे तयार करायचे, ते तारांनी हवे तसे एकमेकांना जोडायचे आणि कोणी कधी ऐकले नसतील असे आवाज काढायचे. सिंथेसायझर म्हणतात त्याला. त्यातला पहिला डबा ऑसिलेटरचा, म्हणजे आवाज जन्माला घालणारा. पण डबा करण्याआधी सगळं ब्रेडबोर्डवर, म्हणजे भोकाभोकांच्या त्या पांढऱ्या पट्टीवर, नुसतं खोचून बघायचं असतं.

मनोहरच्या बायकोला, मंगलाला, हे काही पटलं नव्हतं. पोरीला एवढं शिकायला पाठवलं ते बेडकासारखं ओरडणारं खेळणं बनवायला का, असं तिने दोनदा विचारून झालं होतं. मनोहर मात्र बघता बघता त्या नादाला लागला. सकाळी तृप्तीने त्याला शेजारी बसवून पहिला ऑसिलेटर त्याच्याच हातून जोडून घेतला. एक आयसी, एक फिरवायचं बटण आणि एक कपॅसिटर, ज्याला मनोहर जन्मभर कंडेन्सरच म्हणत आला होता. त्याने आयसी उलटी बसवून तापवली, तेव्हा तिने न हसता दुसरी काढून दिली. मग ते वाजलं. आधी रेड्यासारखं रेकलं, बटण थोडं फिरवल्यावर बकरीसारखं ओरडलं, आणि मनोहर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. लेकीसमोर तो असा हसल्याचं मंगलालाही आठवत नव्हतं.

कंडेन्सर जितका लहान तितका आवाज बारीक, एवढं सांगून तृप्ती न्हायला गेली. इकडे याने तिच्या डबीतून सगळ्यात चिमुकला कंडेन्सर शोधून लावला. ती येईपर्यंत आपल्या अकलेने काहीतरी करून दाखवायचं होतं. आणि आता हे मुकं होऊन बसलं होतं.

"अजी, बंद करा ना ते." मंगला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कणकेचे हात तिने कानांवर दाबले होते.

"का बंद करू? चालूच नाही झालं अजून."

"चेष्टा कायले करून राहिले? कान फाटून राहिले माहे."

सकाळपासूनचा राग काढते आहे, असं मनोहरला वाटलं. त्याने हसत हसत तार काढली. मंगलाचे हात खाली आले, कपाळाची आठी गेली. त्याने गंमत म्हणून तार पुन्हा लावली. तिची मान आक्रसली आणि हात परत कानांवर गेले. मनोहरचं हसू तोंडावरच राहिलं.

शेवटी तो मेकॅनिक होता. त्याने मंगलाला पाठ करून उभं राहायला सांगितलं. ती करवादली, पण त्याचा चेहरा पाहून वळली. त्याने हळूच तार लावली. "झालं चालू," ती भिंतीकडे बघत म्हणाली. त्याने तार काढली. "गेलं." मग त्याने मुद्दाम थांबून, तिला फसवत, चार-पाच वेळा लावली आणि काढली. मंगला एकदाही चुकली नाही. आपल्या हातातून आवाज निघत होता, तो भिंतीला ऐकू जात होता, बायकोला ऐकू जात होता, आणि आपल्याला नाही.

तेवढ्यात तृप्ती ओल्या केसांनी धावत आली. न्हाणीघरापर्यंत ऐकू येतंय, बाबा काय करताय, असं म्हणतच ती आली आणि दोघांची तोंडं पाहून थांबली. काय झालं ते मंगलाने सांगितलं. तृप्तीने चिमुकला कंडेन्सर काढून सकाळचा परत लावला, बटण हातात घेतलं, पार उलटं नेलं आणि मग सावकाश पुढे फिरवलं. ऐकू यायचं थांबलं की सांगा, म्हणाली. निम्म्यावर येताच मनोहर म्हणाला, थांबलं. तृप्तीने आईकडे पाहिलं. मंगलाने मान हलवली. तिला ते ऐकू येतच होतं.

"तुझं बोलणं तर सारं ऐकू येते ना मले," मनोहर म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला.

बोलण्याचा आवाज जाड असतो, तृप्तीने समजावलं. आधी बारीक आवाज जातात. दिवसभर ग्राइंडर, हातोडा, मोटरींचा गोंगाट, त्याने होतं असं, हळूहळू, माणसाला कळतही नाही. नागपूरला कान दाखवून येऊ, असंही ती म्हणाली. तो हो म्हणाला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी अंगणात बसल्यावर त्याने मंगलाला विचारलं, "रातकिडे वाजून राहिले का आता?"

"रोजच तर वाजते."

गेली दोन-तीन वर्षं तो चहाच्या टपरीवर लोकांना सांगत होता, की या फवारण्यांनी रातकिडे नामशेष झाले. लोक मान डोलवायचे. त्याला आता त्या माना आठवून लाज वाटली. आणि रातकिड्यांच्या मागोमाग केसरबाई आठवल्या.

बोरगावच्या केसरबाईंची संत्र्याची बाग होती. नवरा गेल्यावर त्याच सगळं बघायच्या. यंदा वैशाखात त्यांनी मनोहरला विहिरीवर बोलावलं होतं, मोटर बारीक शिट्टी मारते म्हणून. आतलं बेरिंग झिजलं की अशी शिट्टी येते. मनोहरने नेहमीसारखं पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक बेरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. त्याच्या या ऐकण्यावर सगळ्या भागाचा विश्वास होता. लोक म्हणायचे, मोटर मनोहरभाऊशी बोलते. बेरिंग एकदम साफ आहे, असं त्याने सांगितलं आणि वर चार लोकांदेखत म्हणाला, शिट्टी तुमच्या कानात असन, मावशी. लोक हसले होते. आठवड्याच्या आत बेरिंग जाम होऊन मोटर जळाली. ऐन उन्हात बागेचं पाणी तुटलं, लिंबाएवढी फळं झाडाखाली पडली. केसरबाई भांडायला आल्या नाहीत. त्यांनी मोटर पांढुर्ण्याला नेऊन नव्या तारेने भरून घेतली. आणि मनोहर सांगत फिरला, की बाईने विहिरीत पाणी नसताना मोटर चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ब्रेडबोर्ड, बॅटरी आणि स्पीकर थैलीत घातले. तृप्ती सोबत येते म्हणाली. त्याने नको म्हटलं.

केसरबाई विहिरीवरच होत्या. त्यांनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं मनोहर विसरला. त्याने मोटरीच्या ओट्यावर पट्टी ठेवली, तार जोडली. रेड्याचा आवाज निघाला तशी केसरबाईंनी भुवई वर केली.

"मावशी, हे वाजून राहिलं तवर हो म्हणत राहा," तो म्हणाला आणि बटण फिरवू लागला. रेडा गेला, बकरी गेली, आवाज बारीक होत होत निम्म्यावर विरून गेला.

"वाजून राहिलं?"

"हो."

त्याने आणखी फिरवलं. "आता?"

"हो. लय बारीक झालं." त्यांनी डोळे बारीक केले. "पुरे करा, भाऊ."

मनोहरने तार काढली. "मले मघाशीच बंद झालं होतं, मावशी. तुमची मोटर तपासली तवाही असंच असन. शिट्टी तुमच्या कानात नव्हती. मी गावभर खोटं सांगत फिरलो."

केसरबाई त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिल्या. त्या रागावतील, निदान दोन शब्द ऐकवतील, म्हणून तो मान खाली घालून थांबला होता.

"विहिरीजवळची दोन झाडं उभी वाळली," त्या एवढंच म्हणाल्या.

त्याने मागे वळून पाहिलं. झाडं तोडलेली होती, जागा रिकामी होती.

मग केसरबाईंनी जाऊन स्टार्टर दाबला. मोटर घुमली, पाइपाला पाणी आलं. मनोहरचा हात सवयीने खिशाकडे गेला, पेचकस बाहेर आला, टोक बेरिंगवर टेकलं. मूठ कानापर्यंत नेता नेता तो थांबला. त्याने ती केसरबाईंपुढे धरली.

त्यांनी पदराला हात पुसला. पेचकस घेतला, त्याने दाखवलं तिथे टेकवला, वाकून मुठीला कान लावला आणि डोळे मिटले. मनोहर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिला.