अकरावा प्रश्न

अकराव्या प्रश्नापाशी आर्डिथचं पेन थांबलं. आधीचे दहा तिने भराभर निकालात काढले होते. हृदयविकार, नाही. कर्करोग, नाही. डायलिसिस, नाही. प्रत्येक चौकोनात तिने शाळेतल्या हुशार मुलीसारखी नेटकी फुली मारली होती. अकराव्यापाशी मात्र तिने पेनाला टोपण लावलं, परत काढलं आणि काचेच्या दारातून वाचनालयाच्या मोठ्या खोलीत नजर टाकली. विम्याचा हा अर्ज ज्याचा होता तो तिचा नवरा एल्डन तिथे टोपी मांडीवर ठेवून वर्तमानपत्र वाचत बसला होता. वीस मिनिटं झाली तरी त्याने पान उलटलं नव्हतं.

"गेल्या दोन वर्षांत विस्मरणाच्या आजारासाठी अर्जदाराला कुणी तपासणी सुचवली आहे का?" टेबलापलीकडून आयोनीने प्रश्न वाचला. तिला तो उलटाही वाचता येत होता. शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं काढून ती निवृत्त झाली होती, आणि आता दर हिवाळ्याच्या तोंडावर गावातल्या म्हाताऱ्यांना विम्याचा सल्ला फुकट देत असे. तिला काही विकायचं नसे, म्हणून लोक तिच्याकडे येत. "सुचवली आहे का?"

"नाही," आर्डिथ म्हणाली.

हे खरं होतं. डॉक्टरांनी काहीही सुचवलेलं नव्हतं, कारण एल्डन डॉक्टरांच्या समोर जाणार नाही याची आर्डिथने डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती. वार्षिक तपासणीत नर्स तीन शब्द लक्षात ठेवायला सांगते, घड्याळ काढून दाखवायला लावते. मागल्या वर्षी एल्डनला दोनच शब्द आठवले होते, आणि तिसरा नर्सने फुकट द्यावा असा त्याने विनोद केला होता. या वर्षी एप्रिलची वेळ आर्डिथने रद्द केली, ऑगस्टचीही केली. पुरवणी पॉलिसी एकदा हातात पडली की मग काय ती तपासणी, असं तिने ठरवलं होतं. तोपर्यंत कुठल्याही कागदावर काही चढायला नको.

"खोटं लिहायचं नाही हं," आयोनी म्हणाली. "पुढे आजारपण आलं की कंपनी जुने कागद उकरते."

"मी कुठे खोटं लिहितेय? कुणी काही बोललेलंच नाही."

"बरं."

या गावात 'बरं' म्हटलं की समोरच्याला काय ते कळतं, आणि दोघंही त्यावर आणखी बोलत नाहीत. आयोनी चर्चमध्ये टोर्गेसन नवराबायकोच्या मागच्याच बाकावर बसत असे. एल्डन हल्ली भजनाचं पान शोधत राहतो आणि आर्डिथ हळूच आपलं पुस्तक त्याच्यापुढे सरकवते, हे तिने कितीदा तरी पाहिलं असणार.

चूक सगळी आपलीच, असं आर्डिथला वाटे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. पासष्टी आली तेव्हा म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी विम्याच्या, मेडिकेअरच्या जोडीला पुरवणी पॉलिसी घ्यायला सहा महिने दार सताड उघडं होतं. कुणी तब्येतीचा एक शब्द विचारत नव्हतं. पण सुपरमार्केटात एका टेबलाशी बसलेल्या गोड मुलीने तिला खासगी प्लॅन दाखवला. वेगळा हप्ता नाही, वर चष्मा आणि दात. आर्डिथने दोघांच्या सह्या करून टाकल्या आणि घरी येऊन हुशारी मिरवली. नऊ वर्षं मिरवली. मग शेजारच्या व्हर्नाचा नवरा पडला. त्याचाही हाच प्लॅन होता. मोठ्या शहरातलं हॉस्पिटल त्यात बसत नव्हतं, आणि जिथे बसत होतं तिथून कंपनीने त्याला अकराव्या दिवशी घरी पाठवलं. व्हर्ना त्याला एकटीने उचलते तेव्हाचा आवाज उघड्या खिडकीतून आर्डिथला ऐकू येत असे. विसरणाऱ्या माणसांसाठीचे चांगले डॉक्टरही त्या मोठ्या शहरातच होते. तिथे जायचं तर जुन्या वाटेवर, मेडिकेअर आणि पुरवणी पॉलिसीकडे, परतायला हवं होतं, आणि वाटेत हा अकरावा प्रश्न आडवा बसला होता.

"सध्याच्या प्लॅनचं कार्ड दे," आयोनी म्हणाली. "नंबर लिहायचाय."

आर्डिथने पर्समधून एल्डनचं कार्ड काढलं. त्याचं पाकीट आता तिच्याच पर्समध्ये असे, गाडीच्या किल्लीशेजारी. आयोनीने कार्ड बघितलं, मग चष्मा काढून परत बघितलं.

"हा प्लॅन? अगं, तुम्हाला पत्र नाही आलं?"

"कसलं पत्र? दिवसाला दहा येतात. सगळ्यांवर 'महत्त्वाचं' म्हणून लाल शिक्का."

"हा प्लॅन आपल्या काउंटीतून चाललाय. एकतीस डिसेंबरला बंद. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सगळ्यांना पत्रं गेलीत."

होतं ते फाटकं पांघरूणही जाणार, एवढंच आर्डिथला पहिल्यांदा कळलं. तिने टेबलाची कड धरली.

"अशी पांढरीफटक काय पडतेस? बातमी चांगली आहे," आयोनी म्हणाली. "तुम्ही प्लॅन सोडला असता तर गोष्ट वेगळी होती. इथे प्लॅनच तुम्हाला सोडून जातोय. अशा वेळी पुरवणी पॉलिसी देताना कंपनीला तब्येतीचा एकही प्रश्न विचारता येत नाही. कायदाच आहे तसा. हे पान रद्द, नव्या फॉर्मवर ते अख्खं कोरं ठेवायचं."

"अकरावासुद्धा?"

"अकरावासुद्धा. फक्त ते पत्र जोडायचं. ज्याच्या त्याच्या नावाचं, दोघांची दोन. नसेल तर दुसरी प्रत मागवता येते, पण या दिवसांत ते फोन घेत नाहीत आणि पत्र यायला तीन आठवडे. तेव्हा घरीच शोध."

आर्डिथने फॉर्मचा कागद दोन बोटांत धरून त्याची जाडी चाचपली.

"जाड पांढरा कागद होता का गं?"

"होता. का?"

"मग ते गोधडीत आहे."

चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बायका गोधड्या शिवत. कापडाचे षट्कोन करायचे तर प्रत्येकाच्या पोटात त्याच मापाचा जाड कागद घालून टाचावा लागतो, आणि चहूबाजूंनी शिवून झालं की तो ओढून काढतात. चांगला ताठ कागद विकत घ्यायचं त्यांच्यातल्या कुणाच्या मनातही येत नसे. या वर्षी विमा कंपन्यांनी असा सुरेख कागद पाठवला होता की सगळ्या खूश होत्या. टपाल एल्डन आणायचा, पाकिटं फोडून आर्डिथच्या टोपलीत टाकायचा, आणि ती टीव्ही बघता बघता कापायची.

"न वाचता कापलंस?" आयोनीने विचारलं.

"तू काय सगळी वाचतेस?"

"मी वाचते. मला दुसरं काम काय आहे?" आयोनी हसली आणि फॉर्मचं ते पान तिने आर्डिथपुढून काढून घेतलं. "जा. टाके उसव. तुकडे चिकटवून आणलेस तरी मला चालेल."

परतताना गाडी आर्डिथने चालवली. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं होती आणि भुरभुर बर्फ सुरू झालं होतं. एल्डनने काउंटीच्या रस्त्यांवरचं बर्फ एकतीस वर्षं काढलं होतं. इथला एक एक उतार त्याला अंधारातही पाठ होता.

"जुन्या पुलावरून घेतली असतीस तर लवकर पोचलो असतो," तो म्हणाला.

पूल पाडून नऊ वर्षं झाली होती. पाडायच्या आदल्या दिवशी रस्ता बंदची पाटी एल्डननेच तिथे ठोकली होती.

"हो, पुढच्या वेळी," आर्डिथ म्हणाली.

घरी आल्यावर तिने कोट न काढताच टोपली उपडी केली. तिच्या स्वतःच्या नावाचं पत्र तळाशी अख्खंच्या अख्खं निघालं, कात्री लागायची राहिलेलं. एल्डनचं मात्र गोधडीत गेलं होतं. घरी शिवायला आणलेली गोधडी तिने जेवणाच्या टेबलावर उलटी पसरली. निळ्या आणि तपकिरी कापडांच्या पाठीवर बारीक छापील ओळी दिसत होत्या. कुठे 'मोफत', कुठे 'आजच', कुठे कुणा हसऱ्या म्हातारीचे अर्धे दात. ती उसवणीच्या टोकाने एकेक तुकडा सोडवू लागली. एकाला एक लागून कापायची तिला सवय होती, त्यामुळे कडा सोडल्या तर काही वाया गेलं नव्हतं. बारा तुकडे निघायला हवे होते.

"काय चाललंय?" एल्डन कॉफीचा मग घेऊन आला.

"तुझं एक पत्र मी कापून ठेवलंय. कोडं आहे समज," ती म्हणाली. "हे माझं अख्खं पत्र, आणि तुझंही अगदी तस्संच. मी तुकडे देते, तू लाव."

सवयीने ती बोलून गेली. या घरात कोडी एल्डनची असत. नाताळ संपला की खिडकीशी छोटं टेबल लागायचं आणि मार्चपर्यंत त्यावर हजार तुकड्यांचं काहीतरी आकाराला यायचं. मागल्या हिवाळ्यातलं दीपगृह मात्र त्याने अर्धवटच डब्यात भरलं. एक तुकडा हरवलाय म्हणाला. आर्डिथ म्हणाली होती, असेल.

आपण काय करून बसलो ते तिला तो खुर्ची ओढून बसल्यावर कळलं. सात महिने ज्या परीक्षेपासून त्याला लपवत फिरलो, तीच आपल्या हाताने टेबलावर मांडली होती. पत्र परत ओढून घ्यावंसं तिला वाटलं, पण तसं केलं तर ते जास्तच उघडं पडलं असतं. तिने मान खाली घातली आणि टाके उसवत राहिली.

पहिला तुकडा त्याने लगेच लावला. त्यावर त्याचं नाव होतं. दुसराही लागला. तिसरा हातात घेऊन त्याने तो फिरवला, आणखी एकदा फिरवला. आर्डिथने दोरा तोडला, दुसरा टाका धरला. घड्याळाची टिकटिक तिला एवढी मोठी कधी वाटली नव्हती.

"सहाही बाजू सारख्या आहेत," एल्डन म्हणाला. "हा कुठेही बसतो."

"अक्षरं बघ ना. माझ्या पत्रात ती ओळ कुठे आहे ते बघ."

तो बघत राहिला. बोट तिच्या पत्रावरून ओळीओळीने खाली गेलं आणि शेवटी पोचून परत वर आलं. कॉफी तशीच राहिली होती.

"आर्डिथ."

"हं."

"हा कुठे जातो ते मला कळत नाहीये."

"बारीक छपाई आहे रे. कुणालाही नाही कळणार."

"तू लावून बघ."

तिने तुकडा घेतला. तो कुठे जातो ते तिला बघताक्षणी दिसलं. हात मुद्दाम जरा रेंगाळला, पण एल्डन तिच्या हाताकडेच बघत होता. तिने तो जागेवर ठेवला. 'एकतीस डिसेंबरनंतर', ओळ जुळली.

एल्डनने मान हलवली. मग त्याने अंगठ्याने टेबलावरचा एक दोरा गोळा केला आणि विचारलं, "आयोनी काय म्हणाली?"

"हे पत्र जोडलं की तब्येतीचा एकही प्रश्न विचारता येत नाही म्हणाली."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"म्हणजे आता डॉक्टरांना दाखवलं तरी चालेल."

आर्डिथने उसवणी खाली ठेवली. फॉर्मबद्दल, त्या प्रश्नाबद्दल ती त्याच्याशी कधी अवाक्षर बोलली नव्हती.

"एप्रिलमध्ये पाहुणे येणार म्हणून तू वेळ रद्द केलीस," तो म्हणाला. "कुणी आलं नाही. ते माझ्या लक्षात आहे."

तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. सगळं वर्ष ती मनाशी म्हणत आली होती, हा फॉर्म आडवा येतो, नाहीतर कधीच नेलं असतं त्याला. फॉर्मचं ते पान आता आयोनीच्या खणात निकामी पडलं होतं. नवी पॉलिसी जानेवारीत सुरू होणार, तेव्हा तोपर्यंत थांबलेलं बरं, असं तिच्या मनात लगेच आलं. बर्फ पडतंय, हेही आलं. कारणांना तिच्याकडे कधी तोटा नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती. दवाखाना पाचला बंद होतो. एल्डनने फोन उचलून तिच्यापुढे ठेवला.

"नंबर तू लाव. बोलतो मी."

तिने नंबर लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून एका मुलीने दवाखान्याचं नाव सांगितलं.

"एल्डन टोर्गेसन बोलतोय," तो म्हणाला. आवाज खणखणीत होता, बर्फ काढायची गाडी हाकताना वायरलेसवर बोलायचा तसा. "मला वेळ हवी होती."

"हो, मिस्टर टोर्गेसन. कशासाठी दाखवायचं आहे?"

एल्डनने तोंड उघडलं. मग तो आर्डिथकडे बघायला लागला. त्याला सांगवत नव्हतं, की काय सांगायचं तेच निसटलं होतं, हे तिला त्याच्या डोळ्यांवरून ओळखता येईना. संसाराच्या चौपन्न वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

"हॅलो?" मुलगी म्हणाली. "कशासाठी ते लिहावं लागतं मला."

आर्डिथने त्याचा हात हातात घेतला, फोनशी वाकली आणि कशासाठी ते सांगितलं.