खिळा न टोचणारं घराणं

मित्रांनो, मी जुना आहे, आणि तोही साधासुधा जुना नाही. माझा जन्म झाला तेव्हा माणूस नव्हता, मासे नव्हते, डोळे उघडून बघणारं कुणीच नव्हतं. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येसुद्धा माझे भाऊबंद आहेत आणि तिथे ते माझंच काम निमूटपणे करतात. मी एक जनुक आहे. शास्त्रज्ञांनी मला एसपीटीएलसी-वन असं नाव दिलंय. एखाद्या मालमोटारीच्या मागे रंगवावं असं नाव! पण बारशाला मला कुणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

तुमच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ, तेलकट आवरण असतं. ते बनवायला जे खास स्निग्ध पदार्थ लागतात, त्यांतल्या काहींची पहिली पायरी माझ्याकडे आहे. मी स्वतः हात हलवत नाही. मी म्हणजे लिहून ठेवलेली एक कृती. माझी नक्कल बाहेर जाते, तिच्यावरून एक कारागीर घडतो, आणि तो कारागीर सेरीन नावाचा एक बारीक तुकडा उचलून चरबीच्या तुकड्याला जोडतो. अशा कारागिराला पुस्तकात विकर म्हणतात. दिवसभर उचलायचं आणि जोडायचं, दुसरं काही नाही.

मी ज्या घराण्यात आहे, तिथे कित्येक पिढ्यांपूर्वी माझी नक्कल उतरवताना एक अक्षर बदललं. तेव्हापासून आमचा कारागीर अधूनमधून सेरीनऐवजी अ‍ॅलानिन उचलतो. दोघं दिसायला सख्ख्या भावांसारखे. फरक इतकाच, की सेरीनला एक हुक असतो आणि अ‍ॅलानिनला नसतो. हुक नसलेला माल पुढे कशाला अडकवता येत नाही आणि धड मोडूनही टाकता येत नाही. तो साचत जातो. त्याचा सगळ्यात जास्त जाच होतो लांबच लांब नसांना, म्हणजे कमरेपासून तळपायापर्यंत जाणाऱ्या. त्या एकेक करून बातम्या पाठवणं बंद करतात. याचं मला फार वाईट वाटतं असं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण खरं सांगू? मला काही वाटत नाही. वाटण्याचं खातं नसांकडे आहे, माझ्याकडे नाही.

पाहण्याचं म्हणाल तर मी डोळ्यांच्या पेशींतही आहे आणि कानांच्याही, त्यामुळे या घरातलं सगळं मी पाहिलंय आणि ऐकलंय.

घरातले बाबा बूट बनवायचे. दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे काचेचं दार, खाली गुळगुळीत फरशी, आणि भिंतीवर गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे जोडीजोडीनं टांगलेले. दुकानात पुरुषांचेच बूट बनत. बाबांचा एक नियम होता: तयार झालेला प्रत्येक जोड आधी स्वतःच्या अनवाणी पायात घालायचा आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. माप लहान असेल तर निदान चवडा तरी आत सारून दाबून बघायचा. आत खिळ्याचं टोक आलेलं असलं, शिवण उंच राहिलेली असली, तर हाताला कळायच्या आधी त्यांच्या पायाला कळे. "माझा पाय लागल्याशिवाय इथून बूट बाहेर जात नाही," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि ते खरं होतं.

पुढे ते खरं राहिलं नाही. एक पोस्टमन आठवड्यातच बूट परत घेऊन आला.

"आत खिळा टोचतोय हो."

बाबांनी बूट पायात घातला, दोनदा टाच आपटली. "कुठे? मला तर काही लागत नाही."

पोस्टमननं हात आत घालून खिळ्याचं टोक दाखवलं आणि हसत म्हणाला, "तुमचे पाय तुमच्या बुटांपेक्षा जाड चामड्याचे आहेत, बाबा!"

बाबांची छाती फुगली. हा किस्सा त्यांनी येईल त्याला ऐकवला. वर आपल्या आईचीही गोष्ट जोडली. तिनं म्हणे चुलीबाहेर पडलेल्या निखाऱ्यावर पाय ठेवून शेजारणीशी गप्पा पुऱ्या केल्या होत्या. "आमचं घराणंच तसलं. खिळा टोचत नाही आम्हाला." मित्रांनो, माझं आयुष्यात कौतुक झालं ते एवढंच. माझ्या चुकीला ते घराण्याचा दम समजत होते. मी त्यांना अडवू शकत नव्हतो.

बाबांची मुलगी त्याच दुकानात काम शिकली. पोस्टमन येऊन गेला त्या दिवसापासून तिनं एक सवय लावून घेतली. बाबांनी बूट तपासून खाली ठेवला, की ते गल्ल्याकडे वळेपर्यंत ती झटकन हात आत घालून चाचपून बघायची आणि टोक लागलं तर हातोडीनं बसवायची. याबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. बाबा चालत राहिले, ती चाचपत राहिली. त्यानंतर एकही बूट परत आला नाही.

मध्येच कधीतरी बाबांच्या डाव्या पायाचं एक बोट गेलं. "मशीन पडलं," असं त्यांनी सांगितलं. दवाखान्यात साखर तपासली, ती ठीक निघाली. पुन्हा यायला सांगितलं होतं, पण बाबा गेले नाहीत. त्यानंतर घरातसुद्धा त्यांच्या पायांतले मोजे निघेनात.

माझी हीच चुकलेली नक्कल मुलीकडेही आली होती. दर मुलामागे नाणेफेक असते, मित्रांनो, आणि तिच्या वेळी नाणं वाईट बाजूनं पडलं. ती चौतिसाव्या वर्षात असताना एकदा दुकान बंद करून घरी आली, बूट काढला, तर आत रक्त. पट्ट्याच्या बकलाचा मोडका तुकडा टाचेत रुतलेला होता. सकाळपासून ती त्याच पायावर उभी होती आणि तिला पत्ता नव्हता. तुकडा निघाला, जखम मात्र भरेना. दोन महिने ड्रेसिंग झालं, जखम खोलच गेली. शेवटी ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरांनी तिला नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. सोबत बाबा होते.

डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि टाचणीचं टोक, कापूस, गार चमचा असं एकेक तळपायाला लावत विचारत गेल्या, "आता कळलं? आता?"

"लावलं तर सांगा ना," मुलगी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हातातली टाचणी ठेवून दिली. "हे बघा, जखम हाडाजवळ पोचली आहे. मूळ कारण सापडलं नाही, तर हा पाय हातचा जाईल, आणि पुढे दुसऱ्याचीही तीच गत होईल. नसांचे आजार शंभर प्रकारचे असतात. घरातून आलेला असेल, तर रक्तात नेमकं काय शोधायचं ते मला कळेल. घरात आणखी कुणाला असं आहे?"

मुलीनं बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही. बाबांचे पाय तर एकदम तयार. ते पायानंच बूट तपासतात."

डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. बाबा खिडकीच्या गजांकडे बघत बसले होते. त्यांच्या कानशिलातली शीर उडताना मला आतून कळत होती. एका वाक्यानं त्यांची बारा वर्षांची पत जाणार होती, आणि ते वाक्य गिळलं असतं तर मुलीचा पाय जाणार होता.

"मला कळत नाही," बाबा म्हणाले.

"काय कळत नाही?"

"खालचं. जमीन आहे की नाही, ते. बारा वर्षं झाली, डॉक्टर. बोट मशीननं नाही गेलं. जखम चिघळली होती आणि मला वासावरून समजलं." मग ते मुलीकडे वळले. "आणि तू मागून बुटात हात घालतेस, ते मला माहीत होतं. म्हणून तर मी पाय घालत राहिलो."

मुलगी म्हणाली, "बाबा, अहो, सांगायचं नाही का?"

"काय सांगू, पोरी? आपली माणसं त्याचं कौतुक करत होती."

त्यानंतर दोघांचं रक्त गेलं आणि इतक्या पिढ्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला अक्षर न् अक्षर वाचलं. चुकलेलं अक्षर सापडलं. जखमेवर भार येऊ नये म्हणून मुलीच्या पायाला प्लास्टर पडलं आणि तीन महिने तिनं तो जमिनीला लावला नाही. सोबत सेरीनची भुकटी सुरू झाली, रोज पाण्यात ढवळून. समोर सेरीनचा ढीगच असला तर आमचा कारागीर अ‍ॅलानिनकडे कमी वळतो, असा हिशोब. त्यावर अजून अभ्यास चालू आहे आणि गेलेली संवेदना परत येईलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. जखम भरली. पाय वाचला.

आता दुकानात बूट हातानंच तपासले जातात. संध्याकाळी दोघं घरी आली, की एकमेकांचे तळपाय बघतात, कारण स्वतःचा तळपाय स्वतःला नीट दिसत नाही. पहिल्या दिवशी मुलीचा पाय बघून बाबा म्हणाले, "स्वच्छ आहे. ऊठ." ती उठली नाही. "आता तुमचा," ती म्हणाली. मग त्यांनी मोजा काढला आणि बोट नसलेला पाय तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तळव्यावरून हात फिरवला, बोटांच्या बेचक्यांतून, टाचेच्या भेगांवरून. बाबांना त्यातलं काहीही कळलं नाही. तिचा हात कुठे आहे ते बघायला ते मान वाकवून बसले होते आणि त्यांचे डोळे वाहत होते.

मी सुधारलेलो नाही, मित्रांनो, सुधारणारही नाही. आत्ता तुम्ही हे वाचताय तेव्हाही त्या घरात माझी चुकलेली नक्कल बाहेर जातेय. माझ्यावर लक्ष ठेवायला माणसंच लागतात. ज्याला दुखतं तो ओरडतो आणि त्याच्याभोवती घर गोळा होतं. न दुखणाऱ्याकडे कोण बघणार? म्हणून तुमच्या घरात कुणी "मला काही होत नाही" असं ऐटीत म्हणालं, तर त्याचं कौतुक जरा थांबवा. त्याला उजेडात बसवा आणि मोजे काढायला सांगा.