कॉम्प्युटरचा कौल

१९९८ साली वडूजच्या माळावर गुरुवारी इतकी माणसं लोटायची, की एसटी तिथं आपोआप थांबायची. पत्र्याच्या शेडात हार घातलेला कॉम्प्युटर, त्याच्या कपाळी कुंकू, शेजारी नाथाजी महाराज. "मूर्तीला पाकळी चिकटवून घ्यायचा कौल जुना झाला. देव आता थेट पडद्यावर लिहितो," ते सांगायचे. देवाचं अक्षर वाचायला मात्र त्यांना चष्मा लागायचा.

रीत जुनीच होती. कौल लावण्याआधी गाऱ्हाणं पुजाऱ्याला मोठ्यानं सांगायचं. म्हणून बाहेरच्या खोलीत आकाराम पुजारी नाव, गाव, दुखणं विचारून घेई. मग लांबलचक रांग. आत पोचेपर्यंत सगळं पडद्यावर हजर. आपलंच बोलणं देवाच्या तोंडून ऐकून माणसं रडत.

माझी शेजारीण शालूबाई सांगलीत हळद निवडायला जायची. तिच्या लेकीला, सृष्टीला फिट यायची; डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. वडूजला कौल लावला, तर पडद्यावर आलं, "गोळ्या कृष्णेत सोड." तिनं सोडल्या. आठवड्यात तीनदा फिट आली. तिसऱ्यांदा पोर पेटत्या चुलीवर पडली. तरी शालूबाई पुढचा कौल घ्यायला निघाली. मी माझी भाची उमा बरोबर घेतली. ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची.

उमानं आकारामला सांगितलं, "नवरा धवल घर सोडून गेलाय." तिचं लग्नच झालेलं नव्हतं. आत पडदा म्हणाला, "उमा, धवल दक्षिणेला आहे. अमावास्येला येईल."

"महाराज, घरच्यांना चार वर्षांत जमलं नाही ते देवानं केलं," उमा म्हणाली. "मला नवरा मिळवून दिला."

रांगेत कुणी हसलं. उमा कॉम्प्युटरमागची काळी तार धरून चालू लागली. तार भिंतीच्या भोकातून आकारामच्या पाठीमागच्या कापडी पडद्याआड गेली होती.

"आवं बाई, तिकडं देवाचं कोठार हाय," आकाराम आडवा आला.

"सर बाजूला, गड्या," रांगेतले लालासाहेब सुभेदार म्हणाले. "कोठारच बघतीया पोरगी."

आत दुसरा कॉम्प्युटर होता, आणि त्यापुढं महाराजांचा मेव्हणा, ऐकेल ते टाइप करत.

"महाराजांच्या पडद्यावरची पानं इथं बनतात," उमा म्हणाली. "पान देणाऱ्या प्रोग्रामला सांगितलं, फक्त ह्याच यंत्राला उत्तर दे, की ती बाहेर दिसत नाहीत. तारेवरच्या सगळ्यांना दे म्हटलं, की महाराजांपुढचं यंत्र ह्या यंत्राचा पत्ता टाकून पान मागू शकतं. बघा."

तिनं एक ओळ बदलून 'फक्त ह्याच यंत्राला' असं केलं आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला. इथं पान उघडत होतं. महाराजांपुढचा देव मुका. ओळ पहिल्यासारखी केली आणि स्वतः काहीतरी लिहिलं. तिकडं नाथाजींनी पान पुन्हा मागवायला घाईनं बटण दाबलं. पडद्यापुढच्या माणसानं वाचलं, "मी उमा. गोळ्या आजच सुरू करा."

"यंत्राला बाधा झाली," नाथाजी पुटपुटले. निम्मी रांग तरीही हलली नाही.

शालूबाईनं विचारलं, "मंग माज्या पोरीचं आत कोन बोललं गं?"

"तुम्हीच, मावशी. बाहेर सांगितलंत, तेच आत आलं."

"आन् गोळ्या सोड, ह्ये?"

"ते मेव्हण्यानं."

शालूबाई रांग सोडून औषधाच्या दुकानाकडं निघाली.

गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू झाल्या. फिट थांबली. उजव्या हाताची भाजलेली बोटं मात्र आखडली ती आखडलीच. सृष्टी आता डाव्या हातानं लिहिते.

कौल लावा, नारळ फोडा; तुमचा देव तुमच्यापाशी. पण औषध बंद करा म्हणणारा कुणीही असो, त्याला विचारा, हे तुला कुणी सांगितलं? आणि उत्तर मिळेपर्यंत एकही गोळी चुकवू नका.