मागचं इंजिन

स्वित्झर्लंडला जायचं मनोजने ठरवलं आणि दमले मी.

मनोज माझा धाकटा भाऊ. अंबडला कारखान्यात मॅनेजर, गंगापूर रोडला फ्लॅट, बायको शुभांगी शाळेत शिकवते, मुलगी साई आठवीत. दोन हजार पाचच्या संक्रांतीला तिघं नाशिक रोडला आमच्याकडे तिळगूळ घेऊन आले, आणि त्याने जाहीर केलं की मे महिन्यात सगळ्यांनी स्वित्झर्लंडला जायचं. डोंगरातल्या गाड्यांतून फिरायचं. अण्णांनी जन्मभर रेल्वे चालवली, त्यांना एकदा तिथली रेल्वे दाखवायची. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, कागदपत्रांचं तेवढं तू बघ. तुला सवय आहे."

सवय म्हणे! जिल्हा परिषदेत एकवीस वर्षं कारकुनी केली म्हणजे माणूस घरी येऊनही हौसेने फॉर्म भरत बसतो, असं या लोकांना वाटतं.

'सगळ्यांनी' म्हणजे कोणी, हे मी तिथल्या तिथे मोजलं. मनोज, शुभांगी, साई आणि अण्णा. चार. ताई येणार नाही, असं कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं. पण घरात कुसाआत्या होती. अण्णांची थोरली बहीण. पाच वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली, तेव्हापासून ती पलंगावर आहे. मी ऑफिसात असेन तेवढा वेळ लताबाई येतात. बाकी तिला भरवणं, पुसणं, दर तीन तासांनी कूस बदलणं माझ्याकडे. आई गेल्यावर घरही माझ्याकडेच आलं होतं, त्यात आत्याची भर पडली. मी कुठे जाईन हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात येत नसे. भिंतीला कुणी विचारतं का, येतेस का म्हणून?

आणि मला जायचं होतं. सरळ सांगते, फार जायचं होतं. टूर कंपनीच्या माहितीपुस्तकाच्या आठव्या पानावर लाल गाडी होती, खाली हिरवं कुरण आणि वर बर्फ. सेहेचाळीस वर्षांत मी लांब गेले ती नागपूरला, ऑफिसच्या ट्रेनिंगला, आणि तिथेही रोज घरी फोन करून आत्याच्या गोळ्या सांगितल्या. ते पान मी बसमध्ये उघडून बघत असे आणि बिटकोचा स्टॉप आला की मिटून पिशवीत घालत असे.

त्या पुस्तकाने अण्णांनाही वेड लावलं होतं. अण्णा इगतपुरीला ड्रायव्हर होते, पण पुढच्या इंजिनाचे नव्हेत. मुंबईकडून येणारी गाडी कसाऱ्याला थांबते, आणि तिला घाट चढवायला मागून इंजिनं जोडतात. अशा इंजिनाला बँकर म्हणतात. ते गाडीला ढकलत इगतपुरीपर्यंत आणतं, तिथे सुटतं आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली जातं. अण्णांनी बावीस वर्षं तेच केलं. घाट चढताना त्यांच्या समोर डोंगर नसे, दरी नसे, शेवटच्या डब्याची पाठ असे.

तर अण्णा भिंग घेऊन बसले. आपला घाट सदतिसाला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुस्तकात चाराला एक असं निघत होतं. आठवडाभर ते म्हणत राहिले की खोटं छापलंय, चाक घसरेल. शेवटी साईने त्यांना समजावलं की तिथे रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते आणि इंजिनाचं चाक त्यात अडकत जातं. हे पटल्यावर त्यांना पुढचं हवं होतं. इंजिन पुढे असतं की मागे? मला टूर कंपनीला फोन करायला लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, काकांना खिडकीची सीट देऊ. अण्णांनी त्या दिवशी भिंगाला हात लावला नाही.

माझं निराळंच चाललं होतं. शुभांगीला बर्फात आणखी एक दिवस हवा, मनोजला एकाच हॉटेलात राहायचं, साईला चॉकलेटचा कारखाना हवाच. रोज कुणाचा तरी फोन, आणि रोज मी कंपनीला नवा बदल सांगायचा. अण्णांच्या फोटोत कान दिसेनात म्हणून तीनदा स्टुडिओत नेलं. त्यांची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी घातलेली एक जून, आणि रेल्वेच्या कागदावर तिसरीच काहीतरी. ते जुळवायला प्रतिज्ञापत्र. दुपारी साहेबाकडून तास मागून घ्यायचा, उन्हात रांगेत उभं राहायचं, परत ऑफिस, परत बस, आणि दारातून आत आलं की आत्याचं "आलीस का गं" सुरू. मी इतकी थकून जाई की चप्पल काढायला खाली वाकायचंही जिवावर येई.

अण्णांसाठी पासपोर्टचा फॉर्म आणला तेव्हा मी दोन घेतले. एखादा बिघडतो, म्हटलं. बिघडला नाही. दुसऱ्यावर मी माझं नाव लिहिलं, संध्या हिरामण बोराडे, आणि दोन्ही एकाच दिवशी देऊन आले. कुणाला बोलले नाही. काय बोलणार? यात कुठे जाण्यासारखं नव्हतंच. नुसता असावा, एवढंच मनात होतं.

फेब्रुवारीत पोलीस चौकशीला शिपाई येऊन गेला. अण्णांनी संध्याकाळी सांगितलं, माझं विचारून गेला, चहा पिऊन गेला. माझ्या नावाने कुणी आलं नाही. मार्चमध्ये अण्णांचा पासपोर्ट पोस्टाने आला आणि पुढच्या शनिवारी माझाही आला. चौकशीवाचून कसा काय आला, याचं मला नवल वाटलं. असेल केला आळस, म्हटलं. आत्याच्या औषधांच्या डब्याखाली तो ठेवून दिला. तिथे माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सगळे जेवायला आले. त्या आठवड्यात व्हिसासाठी फाईल द्यायची होती. जेवणं झाल्यावर मी टेबल पुसलं आणि फाईल मांडली. पत्रं, फोटो, बँकेचे कागद, सगळं चौघांचं वेगवेगळं लावून. शुभांगीने त्यांचे तीन पासपोर्ट दिले. मनोजने अण्णांपुढे हात केला.

अण्णांनी पासपोर्ट खिशातच ठेवला.

"मी नाय येत," ते म्हणाले. "माझ्या जागी संध्या जाईल."

मनोजला आधी वाटलं त्यांना बरं नाही. मग विमानाची भीती असेल असं वाटून त्याने विमानाचं समजावून सांगितलं. शुभांगी म्हणाली की अण्णांसाठी तर हे सगळं ठरवलं. शेवटी मनोज जरा वैतागून म्हणाला की ताईचा पासपोर्टच नाही, आता महिन्याभरात कुठून आणायचा?

"हाय तिच्याकडं. तो शिपाई दोघांचे कागद घेऊन आला होता. ही हापिसात. मीच सांगितलं, पोरगी माझी हाय, इथंच राहती, वागणूक चांगली. सही केली."

दोन महिने हा माणूस सकाळ-संध्याकाळ माझ्या हातचा चहा पीत होता आणि एका अक्षराने बोलला नव्हता.

"अन् आत्याचं?" मनोजने विचारलं. आत पलंग होता म्हणून आवाज खाली आणला.

अण्णांनी तेही करून ठेवलं होतं. लताबाईंना विचारलं होतं, बारा दिवस त्या रात्रीही राहणार होत्या. कुसा माझी बहीण हाय, म्हणाले, संध्याची नाय. मग मनोजकडे बघून, अगदी सावकाश, जसं काही घाटातली वळणं सांगतायत तसं बोलले.

"बावीस वर्षं मी मागून ढकललं. वर आलं की गाडी पुढं जायची, आपण खाली. पण मला त्याचा पगार मिळायचा, मनोज. हिला काय मिळतं?"

मनोज फाईलची दोरी बोटाला गुंडाळत बसला. त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं, खरंच. तो दुष्ट नाही. त्याने कधी मागे वळून बघितलं नव्हतं, इतकंच.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कळत होतं त्यांना काय हवंय. मी म्हणायचं होतं, छे हो अण्णा, तुम्हीच जा, मी काय, पुन्हा कधीतरी. माझ्या जिभेवर होतंच ते. वर्षानुवर्षं म्हणत आलेय. आणि अण्णा काय सोडतायत तेही मला दिसत होतं. त्र्याहत्तर वय, आठव्या पानाच्या घड्या फाटायला आलेल्या, भिंग अजून खिडकीत. त्यांना पुन्हा कधीतरी नव्हतं.

मी नाही म्हटलं नाही.

आत गेले, औषधांचा डबा उचलला आणि पासपोर्ट आणून फाईलवर ठेवला. मनोजने उघडून तारीख पाहिली आणि काही न विचारता बाकीच्या तिन्हींवर ठेवला. शुभांगी म्हणाली, ताई, तुम्हाला जाड स्वेटर लागेल, माझ्याकडे एक आहे. मला रडू आलं नाही. फक्त बसावंसं वाटलं, म्हणून त्यांच्यादेखत, भांडी तशीच टाकून, खुर्चीवर बसून राहिले.

ते गेल्यावर आत्याची कूस बदलायची वेळ झाली होती. मी आत गेले तर अण्णा मागोमाग आले. बनियनवर, बाह्या नसताना बाह्या सारल्यासारखं करून पलंगाच्या पलीकडे उभे राहिले. कसं करतात ते दाखव, म्हणाले. मी दाखवलं. आधी गुडघा वाकवायचा, मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि ढकलायचं. त्यांनी ढकललं. आत्या बोबडं काहीतरी बोलली, बहुधा शिवी. अण्णा हसले, पण त्यांना धाप लागली होती.

मी पाठीशी उशी लावत होते, तेव्हा ते म्हणाले, "संध्ये, तिथं वर पोचलीस की सगळे बर्फाकडं पळतील. तू आधी गाडीच्या मागं जा. इंजिन मागं असलं तर त्या ड्रायव्हरला हात कर."

मी म्हटलं, त्याला काय कळणार?

"कळंल. आम्हाला बावीस वर्षांत कुणी केला नाय."

मी बरं म्हटलं आणि उशीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं.