पंपाचे धुवण

"थांबवा ती गाडी!" चांगो ओरडला, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला.

मुरबाडकडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा घरांची भेंडी पेट्यांत भरून झाली होती. बोटाएवढी, कोवळी, एकसारखी भेंडी. ती विमानाने युरोपास जावयाची होती. वाशिंदहून येणारा, माल घेणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर दीपेश याने नुकताच नवा नियम सर्वांस वाचून दाखविला होता. युरोपाने आपल्या शेतीचे धोरण बदलले होते. तिथल्या शेतकऱ्यांस जी औषधे वर्ज्य केली, त्यांचा अंशही यापुढे बाहेरून येणाऱ्या मालात चालणार नव्हता. एका पेटीत जरी सापडला, तरी बाराही घरांचा माल बाद होणार आणि गावाचे नाव निर्यातीच्या यादीतून कायमचे जाणार.

"काय झालं, काका?" दीपेशने विचारले.

"रंभावयनीच्या पेट्या उतरवा."

रंभा पदर खोचून पुढे आली. "माझ्या? का हो, चांगोभाऊ? माझ्या भेंडीला काय कीड लागली?"

"कीड नाय, वयनी. मी लागलो."

चांगोने मान खाली घातली. अठ्ठावीस वर्षे पाठीवर पंप घेऊन तो गावोगाव फवारणी करीत आला होता. ज्याच्या शेतात फवारायचे, त्याच्याच ओटीवर त्याची भाकरी ठरलेली.

"परवा तुमच्याकडं निंबोळी मारली ना? त्याआधी पंपात माझ्या वांग्याचं जुनं औषध होतं, हेच आता बंद केलेलं. पंप खळबळला, नि ते पाणी तुमच्या शेवटच्या दोन सऱ्यांवर मारलं. मातीत कशाला घालवायचं म्हणून."

ती त्याची जुनी रीत होती. ज्या घरचा पुरुष बाहेरगावी, त्या घरच्या सऱ्यांवर धुवणाचे पाणी फुकट मारायचे. रंभाचा नवरा भातसानगरला धरणावर कामाला. शनिवारी तेवढा घरी येई. ते धुवण म्हणजे चांगोने दिलेले दान होते. कोणी ते मागितले नव्हते आणि त्याने कधी बोलून दाखविले नव्हते. आज मात्र ते दानच बारा घरांच्या मुळावर उठले होते.

"गप बसला असतास तं कुनाला कललं असतं?" मागून देवजी पुटपुटला. "त्या गोऱ्यांचे चोचले!"

"चोचले कसले, देवजी? त्यांच्या शेतकऱ्याला जे मारू देत नाय, ते आपल्या हातचं कसं घेतील? बरोबरच हाय त्यांचं."

दीपेश अवघडून म्हणाला, "काका, मग आणखी एक सांगावंच लागेल. गावात फिरणारा पंप आता बंद. ज्याचं शेत, त्याचाच पंप."

"ते मला ठाऊक होतं, बाबा. म्हनून तर मघापासून सांगायला पाय उचलत नव्हता."

काल आणि आज पहाटे उठून, हातमोजे घालून रंभाने ती भेंडी खुडली होती. त्यातून दोन सऱ्यांची भेंडी वेगळी काढणे आता अशक्य होते. तिने आपल्या सातही पेट्या स्वतः उतरविल्या, शेडमागच्या खड्ड्यात ओतल्या, आणि हात झटकून ड्रायव्हरवर खेकसली, "आता कुनाची वाट बगतोस? हाक गाडी! अकरा घरांचा माल उन्हात सुकवायला ठेवलाय काय?"

गाडी गेली. हळूहळू माणसेही पांगली. देवजी जाता जाता चांगोच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला.

दुपारी रंभाने चांगोस घरी बोलाविले. अंगाला औषधाचा वास येतो म्हणून तो आजवर सर्वांच्याच ओटीच्या कडेला, पायरीवर बसून जेवत असे. आजही तो तेथेच टेकला.

"तिथं नाय," रंभा म्हणाली. "आत या."

"वास येतो गो, वयनी."

"येऊंद्या."

तिने तांब्याने त्याच्या हातांवर पाणी घातले. साबण दिला. त्याने दोनदा हात धुतले, तरी ती पाणी घालीतच राहिली. मग तिने आतल्या घरात चटई अंथरली, ताट मांडले, आणि तो बसेपर्यंत दाराशी उभी राहिली.